जूनात बघू

परवा आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या सेक्रेटरीचा निरोप आला. ‘अक्षय्य तृतीया जवळ आली. यंदा मांडव कोणाचा?’ एरवी ग्रुपवर कुणी नुसतं सुप्रभात म्हटलं तरी खाली फुलांचा सडा पडतो. या निरोपाखाली मात्र दिवसभर काही नाही. संध्याकाळी एकीने जोडलेले हात पाठवले आणि थोड्या वेळाने स्वतःच पुसून टाकले. मी फोन पालथा घातला आणि गवार मोडायला घेतली. रडू वगैरे आलं नाही. कुंदाकाकी गेल्यापासून मला काही येतच नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला असून आपला नसतो, तसं काहीसं चाललं आहे.

मांडव कुंदाकाकीचा असायचा. कुणाचा, हे विचारायची वेळच कधी आली नव्हती.

शिळफाट्याच्या बाजारामागे आमची चाळ आणि चाळीला लागून काकीचं गोदाम. मांडवाचं कापड, बांबू, लोखंडी खांब, पातेली, पंखे आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या छताला टेकलेल्या थप्प्या. हा सगळा पसारा तिच्या नवऱ्याने उभा केला होता. तो गेला तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की आता ही सामान फुंकून टाकणार आणि भावाकडे जाऊन राहणार. तेराव्याला आलेल्या एका दूरच्या पाहुण्याने तर तोंडातला घास गिळायच्या आत खुर्च्यांचा भाव विचारला. काकी वाढत होती. ती तशीच थांबली आणि म्हणाली, “जिच्यावर बसलायस ना, ती आमचीच हाय. जेव पोटभर. उठलास की थप्पीला लाव.” त्याने उठल्यावर खरंच खुर्ची थप्पीला लावली म्हणे.

दुसऱ्या आठवड्यात काकी नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून, मनगटाची बटणं लावून, डोक्याला टॉवेल गुंडाळून टेंपोत चढली. तोच पुढे तिचा वेश झाला. खालापुरापासून कर्जतपर्यंत कुठल्याही लग्नघरी सकाळी सकाळी एक शर्टवाली बाई मांडवाच्या मधोमध उभी राहून वर बघत ओरडताना दिसली, की समजायचं काकी. “ओढ रं! आजून ओढ! पोट लोंबतंय त्याचं!” हे कापडाबद्दल असायचं. टेंपो रफिकभाईचा. तो खोपोलीचा, वयाने काकीच्याच बरोबरीचा, आणि या ओरडण्यावर आयुष्यात एकदाही रागावला नाही. तो म्हणायचा, काकी ओरडली नाही तर मला हॉर्न बिघडल्यासारखं वाटतं.

परत आलेलं कापड काकी हुंगून बघायची. ओलं आहे का, जळलंय का, कुणी त्यावर दारू सांडली का, सगळं नाकाने. आमच्याकडे हळदी दणक्यात होतात, त्यामुळे नाकाला काम भरपूर. एकदा एका प्रतिष्ठित गृहस्थाने आमच्याकडे कुणी पीत नाही असं छातीठोक सांगितलं. काकीने कापडाचं टोक त्याच्याच नाकाला लावलं.

आणि ती कधी बसायची नाही. म्हणजे घरात जमिनीवर, पाटावर बसायची, पण भाड्याच्या खुर्चीवर नाही. लग्नात मुलीकडचे, मुलाकडचे आग्रह करायचे, काकी बसा, काकी जेवा. ती पातेल्यांच्या मागे उभ्याने भात कालवायची. का बसत नाहीस विचारलं तर म्हणायची, “मी टेकले की कायतरी पडतंय.” एकदा फार पूर्वी ती नवऱ्याशेजारी मांडवात बसली असताना वाऱ्याने एक बाजू खाली आली होती. तेव्हापासून जे उभं राहणं लागलं ते लागलं.

काकीच्या घरात वर्षाचे बारा महिने नव्हतेच. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, तो मृगापर्यंत. मग जून. सीझनमध्ये फक्त मांडव. बाकी जगातलं जे काही असेल ते जूनमध्ये. घराचे पत्रे फुटलेत? जूनात बघू. पंखा आवाज करतोय? जूनात बघू. माझं लग्न ठरेना तेव्हा आई काकीकडे रडायला गेली, तर तिने आईच्या पाठीवर हात ठेवून फार मायेने सांगितलं, “नको काळजी करूस. जूनात बघू.” एका हिवाळ्यात तिची दाढ ठणकायला लागली. तेव्हापासून मे संपेपर्यंत ती एका बाजूने चावत होती. जूनमध्ये डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी दाढ आपोआप हातात आली. ती दाढ तिने चाळीत घरोघर नेऊन दाखवली. “बघितलंस? थांबलं की आपोआप व्हतंय.” आम्ही खूप हसलो होतो. सुषमा सगळ्यांत जास्त हसली होती.

सुषमा ही काकीची एकुलती एक मुलगी आणि माझी शाळेतली मैत्रीण. हसली की आधी तिचे खांदे हसायचे, मग आवाज यायचा. तिला कशेळ्याला दिली होती. नवरा माथेरानला हॉटेलात कामाला, म्हणजे तिकडचाही मे महिना म्हणजे सीझनच. नवरा डोंगरावर अडकलेला आणि आई मांडवात. मग सुषमा लग्नसराईत छोट्या तन्वीला घेऊन माहेरी यायची आणि बुकिंगचं बघायची. कुणाची हळद कधी, कुठल्या गावी किती खुर्च्या, सगळं तिच्या मोबाइलमध्ये. मायलेकी एकमेकींशी बोलायच्या त्या तारखांमध्येच.

काकीचा जन्म अक्षय्य तृतीयेचा. साडेतीन मुहूर्तांतला तो एक, त्या दिवशी भटजीला विचारायचीही गरज नाही. त्यामुळे लग्नांची नुसती रांग लागलेली. वाढदिवस म्हणून काकीने उभ्या जन्मात काही केलं नव्हतं. कॉलेजात असताना सुषमाने एकदा हट्टाने केक आणला. आम्ही दोघी तो सांभाळत सांभाळत चौक गावाजवळच्या एका लग्नघरी पोचलो. काकी शिडीवर होती. तिने वरून बघितलं आणि म्हणाली, “ठेव तिथं सावलीला. जूनात कापू.” केक बँजोवाल्यांनी खाल्ला. सुषमाचे खांदे घरी येईपर्यंत हलत होते.

पुढचं मला काकीनेच सांगितलं, तेही नंतर. कापडाच्या घड्या घालताना सुषमा छातीला हात लावून तिला म्हणाली, “आई, इथं गाठ लागतेय.” थंडीचे दिवस होते, तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं. काकीने विचारलं, “दुखती का?” सुषमा म्हणाली, “नाय.” काकी म्हणाली, “मंग जूनात बघू.” सुषमालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनेच सगळ्या तारखा घेतलेल्या होत्या. त्या घरात कुणी दुसरं काही बोललं असतं तरच नवल.

जूनमध्ये दोघी दाखवायला गेल्या. ठरल्याप्रमाणे.

मग कर्जतचे डॉक्टर, मग मुंबई, तिथल्या रांगा. पुढच्या सीझनला सुषमा डोक्याला रुमाल बांधून गोदामातल्या खाटेवर पडून फोनवर बुकिंग घ्यायची. आवाज अगदी ठणठणीत ठेवायची. पलीकडच्या माणसाला वाटावं बाई पंख्याखाली आरामात बसली आहे. नंतर आवाजही राहिला नाही. सुषमाचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी खालापूरला एक मांडव घेतलेला होता. काकीने शर्ट चढवला आणि गेली. बाजारात बायका बोलल्या, कसल्या काळजाची म्हणायची. तिच्या डोळ्याला पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं हे खरंच. मी न राहवून एकदा विचारलं, काकी, तू रडत का नाहीस? ती टेंपोत पातेली रचत होती. हात न थांबवता म्हणाली, “रडायला बसायला लागतं गं, ज्योते.” आणि पुढचं पातेलं मागितलं.

त्याच वर्षी आमच्या मंडळात ठराव झाला. सुषमाच्या वेळी आम्ही जवळून बघितलं होतं, आजारापेक्षा मुंबईच्या खेपाच माणसाला मारतात. कशेळ्याच्या वरच्या वाड्यांमधल्या बायका तर जीपचं भाडं नाही म्हणून घरीच राहतात. तेव्हा कशेळ्याला शाळेच्या मैदानावर जेवण ठेवायचं, ताटं विकायची आणि येणारा पैसा स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या तपासण्यांना, जाण्यायेण्याला द्यायचा. पनवेलची एक डॉक्टरबाई येऊन फुकट तपासायला तयार होती. एवढं जमलं. तारीख काही जमेना. कुणी रविवार म्हणे, कुणी शाळा सुरू झाल्यावर म्हणे. काकी आमच्याकडची तिची पातेली न्यायला आलेली, दारातच उभी.

“अक्षय्य तृतीयेला ठेवा,” ती म्हणाली. “मांडव माझा.”

त्या दिवसाचं मोल सगळ्यांना ठाऊक होतं. सेक्रेटरी म्हणाली, “काकी, त्या दिवशी तुमचे तीन-तीन ठिकाणी मांडव असतात.”

“आसतात. हितून पुढं नाय. वाढदिवस हाय माझा, करू नको?”

तोंड अगदी कोरं. थट्टा आहे की काय कळेना, म्हणून कुणी हसलंही नाही. त्या वर्षी तिने घेतलेलं बुकिंग परत केलं. लग्नघरचे लोक भांडायला आले. तिने त्यांना पाणी दिलं आणि उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं. तेव्हापासून अक्षय्य तृतीयेला काकीचा मांडव भाड्याने मिळत नाही, हे खालापूर-कर्जत दोन्ही तालुक्यांत माहीत झालं.

पहिल्या वर्षीची गंमत सांगायलाच हवी. मांडवाच्या तोंडाशी काकीने पाण्याचा माठ ठेवला होता. गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी माठ देतात, तिने कुणाचं नाव घेतलं नाही. आम्ही हौसेने गुलाबी बॅनर करून आणलेला. ‘स्तनाच्या कर्करोगाची मोफत तपासणी’. अक्षरं एवढी मोठी की मुरबाडकडे जाणाऱ्या एसटीतूनही वाचता यावीत. तो रस्त्याच्या बाजूला लावला आणि त्याच्याखाली पडद्यांची खोली. डॉक्टरबाई आत जाऊन बसल्या. जेवायला झुंबड. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, आमरस, सगळ्यावर लोक तुटून पडलेले. पडद्याआड मात्र एक बाई फिरकेना. कोण जाणार? समोर पानाची टपरी, जीपचे ड्रायव्हर, सासरे, दीर. डॉक्टरबाईंनी आतमध्ये मासिक वाचून संपवलं.

दुपारी वारा सुटला. बॅनर फुगायला लागला तशी काकी धावत आली. “काढा ती चादर! माझा खांब हालवून ऱ्हायलीय!” आमचं कोण ऐकतंय. तिने आणि रफिकभाईने बॅनर उतरवला आणि सगळी खोलीच उचलून मागे नेली, चुलाणांच्या पलीकडे, जिथे बायका भाकऱ्या थापत होत्या. मग काय झालं, तर एकेक बाई पीठ मळायला म्हणून मागे जायची आणि बराच वेळ यायची नाही. बाई स्वयंपाकाकडे गेली तर कुणी का म्हणून विचारत नाही. संध्याकाळपर्यंत डॉक्टरबाईंना मान वर करायला फुरसत झाली नाही. मंडळाने नंतर सभेत काकीच्या चातुर्याचं फार कौतुक केलं. काकी वैतागली. “आगं, मी खांबासाठी हालवली ती!” तिचं कुणी खरं मानलं नाही. मी मात्र मानते, तिचं तोंड मी त्या वेळी बघितलं होतं.

जेवणं आटपल्यावर कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. तिने आधी त्याची वायर कुठून आली आहे ते बघितलं. मग खुर्च्यांचा दर सांगावा अशा आवाजात म्हणाली, “माझ्या पोरीनं थंडीत सांगितलं. मी जूनात नेली. तुमी थांबू नका. जेवल्याशिवाय जाऊ नका.” आणि माइक परत दिला. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळलं नाही. पुढे दरवर्षी तिने हेच भाषण केलं, एका शब्दाचाही फरक नाही.

तपासून घ्यायची वेळ आली की मात्र काकी स्वतः खांबाला हात लावून उभी. डॉक्टरबाई पहिल्या वर्षीच म्हणाल्या, “काकी, मुलीला झालं होतं, तुम्ही तर आधी या.” काकी म्हणाली, “सीझन चालूय, डाक्टरीनबाय.” त्या वर्षी सगळ्या हसल्या. दुसऱ्या वर्षी तेच उत्तर आलं तेव्हा कुणी हसलं नाही. बरं, जूनमध्ये तरी जायची? जून आला की ती पत्रे बदलायची, पंखे दुरुस्त करायची, चाळीतल्या प्रत्येकीला हाताला धरून डॉक्टरकडे न्यायची. मला तिनेच नेलं. स्वतःचं नाव काढलं की तिला अचानक बांबू मोजायचे असायचे. मी एकदा भांडले. म्हटलं, जगाला सांगतेस आणि तू? ती म्हणाली, “मी सांगायला हाय. ऐकायला त्या हायत.” मला तिचा राग यायचा. पुढे पुढे भीती वाटायची. आम्हाला सगळ्यांना तिच्याकडून एवढंच हवं होतं, की या बाईने एकदा, फक्त एकदा, आपणच लावलेल्या त्या पडद्याच्या आत जावं.

गेल्या वर्षीची अक्षय्य तृतीया. तन्वी तोवर कर्जतला कॉलेजात जायला लागली होती. आई गेल्यावर ती आजीकडेच राहिली. बाप माथेरानहून सुट्टी मिळेल तसा येई. बुकिंगचा मोबाइल आता तिच्याकडे होता. आवाज थेट सुषमाचा. मांडव उभा राहत होता. आडव्या खांबावरून दोर फेकायचा तो काकीच फेकायची, खालून एका झटक्यात, आणि फेकल्यावर सगळ्यांकडे बघायची. गेल्या वर्षी तिने दोर रफिकभाईच्या हातात दिला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या शर्टाकडे बघितलं. डाव्या मनगटाचं बटण लावलेलं, उजव्याचं उघडं. बाही वरपर्यंत तट्ट भरलेली.

“काकी, हात सुजलाय.”

“खांब लागला.”

“कधी?”

“थंडीत.”

थंडीत लागलेल्या खांबाची सूज मे महिन्यापर्यंत राहत नाही. तिलाही ते माहीत होतं. मग ती बिरड्याच्या पातेल्याकडे गेली. मी तिच्या मागे मागे दुपारपर्यंत फिरले, विनवलं, रागावले, डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. “सीझन चालूय.” भिंतीशी बोलावं तसं. शेवटी मी थकून भाकऱ्या भाजायला बसले. तेव्हाही मला असंच झालं होतं, सगळे आवाज लांबून येत होते.

तन्वी पडद्याच्या खोलीपाशी कापड ताणत होती. कानाला फोन, खांदा वाकवून धरलेला, कुणाशी तरी हळदीच्या मांडवाचं बोलत. काकी तिच्याजवळ गेली. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकू येत होतं.

“तन्वे, आत जाऊन ये गं. डाक्टरीन म्हनते पोरीनी बी दाखवावं. तुझ्या आयशीला व्हतं ना.”

तन्वीने फोनवर हात ठेवला. वरही बघितलं नाही. कापडाचं टोक दातात धरून ती म्हणाली, “आता कुठे आजी, सीझन चालूय. जूनात बघू.”

आणि परत फोनवर बोलायला लागली.

काकी उभी होती तशीच राहिली. तव्यावरची भाकरी करपली, मला उलटायचं सुचलं नाही. त्या मुलीने काही वाईट म्हटलं नव्हतं. लहानपणापासून जे कानावर पडलं होतं तेच तिच्या तोंडून आलं, आईच्या आवाजात. काकीचा चेहरा मी पाहिला. नवरा गेला, मुलगी गेली, तेव्हा जे त्या चेहऱ्यावर आलं नव्हतं ते आलं. ती घाबरली होती.

तिने तन्वीच्या कानाचा फोन काढून घेतला. पलीकडचा माणूस बोलतच होता. तो फोन तिने शर्टाच्या खिशात टाकला, तन्वीचं मनगट डाव्या हाताने धरलं आणि म्हणाली, “चल. आधी मी जाते. तू बघ कशी जाते ती. मंग तू.”

पडदा मी धरला. आत काकी शर्टाची बटणं काढत होती, एका हाताने, सावकाश. तन्वीने मदत केली. मग डॉक्टरबाईंचा आवाज आला, एक-दोन प्रश्न. बाहेर पंगत उठत होती, कुणीतरी आणखी आमरस मागत होतं.

तन्वीला काही निघालं नाही. दरवर्षी काय करायचं, कसं बघायचं ते डॉक्टरबाईंनी तिला समजावून दिलं. काकीबद्दल त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं, “उद्याच मुंबईला न्या. उद्या म्हणजे उद्या.” काकी मागे उभी होती. तिने खिशातून फोन काढला, तन्वीकडून नंबर लावून घेतला.

“कुंदा बोलते, मांडववाली. उद्याचा मांडव नाय व्हनार. दुसरा कोन तरी बघा.” पलीकडून आरडाओरडा झाला असणार. तिने फोन कानापासून थोडा दूर धरला. “नाय, नाय, पैशाचं नाय. नाय वो, आजारी नाय.” मग ती थांबली. “व्हय. आजारी हाय मी.”

तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. दाढेच्या वेळीही तिने ते म्हटलं नव्हतं.

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. मुंबईच्या खेपा झाल्या, आमच्याच ताटांच्या पैशातून तिच्याही काही खेपा झाल्या, आणि त्याबद्दल ती डॉक्टरांसमोरच आम्हाला ओरडली. उशीर झाला होता. पण पावसाळाभर ती होती. तन्वीला तिने खांब रोवायला शिकवलं, खाटेवरून ओरडून. तुळशीच्या लग्नाच्या थोडी आधी ती गेली. सीझन सुरू व्हायच्या आत. रफिकभाई म्हणाला, काकीने शेवटपर्यंत ऐन वेळी एकच मांडव चुकवला, तोही स्वतः फोन करून. आम्ही दोघं हसलो.

ग्रुपवर आज सकाळी उत्तर आलंय. तन्वीला मंडळात घेतलं आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. तिने लिहिलंय, ‘मांडव आमचाच. दरवर्षीप्रमाणे.’ मी ते दोनदा वाचलं. मग कपाटातून गेल्या वर्षीचा ॲप्रन काढून धुवायला टाकला.

काकीला मी त्यानंतरही पुष्कळदा पाहिलं, खाटेवर, रुग्णालयाच्या बाकावर. पण शेवटची म्हणून मी तीच संध्याकाळ धरून ठेवली आहे. कशेळ्याचं मैदान रिकामं झालं होतं. बायका जीपमधून आपापल्या वाड्यांकडे गेल्या होत्या, चुलाणं विझवली होती. रफिकभाई आणि तन्वी कापड उतरवत होते. ओरडणारं कुणी नव्हतं, त्यामुळे काम फार हळू चाललं होतं. मी खुर्च्या थप्पीला लावत गेले. शेवटची एक राहिली होती मैदानाच्या मधोमध, आणि तिच्यापाशी काकी उभी. मी खुर्चीला हात घातला.

“ऱ्हाऊ दे ती,” काकी म्हणाली.

तिने टॉवेलने खुर्ची पुसली, गिऱ्हाइकासाठी पुसायची तशी. पाठीला हात लावून जराशी हलवून बघितली. मग ती बसली. वर छत नव्हतं, खांब निघाले होते, पडण्यासारखं आजूबाजूला काही उरलं नव्हतं. सुजलेला हात तिने मांडीवर घेतला.

“वाढदिवसाला बसले बघ,” ती म्हणाली.

मग शर्टातले खांदे हलायला लागले. क्षणभर मला वाटलं ती हसते आहे, कारण सुषमा तशी हसायची. तन्वी कापड टाकून यायला निघाली. मी तिला हातानेच थांबवलं आणि आम्ही तिघं, रफिकभाई धरून, काकीकडे पाठ करून टेंपो भरत राहिलो. तिचं होईपर्यंत.